खालची बाई

३ फेब्रुवारी

ताई,

फोनवर आपलं बोलणं आता दुसऱ्याच वाक्याला भांडणावर येतं, म्हणून लिहिते आहे. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही आणि मलाही फोन आपटता येणार नाही.

रविवारी तू जे म्हणालीस ते मी शांतपणे ऐकून घ्यायला हवं होतं. माझा फोन येऊन गेला की भिंगरी दोन दिवस घुम्यासारखी बसते, जेवता जेवता रडते, शाळेतल्या बाई विचारतात, तेव्हा थोडे दिवस फोन करू नकोस. तू एवढंच म्हणालीस. मला ऐकू आलं ते असं, की माझ्या पोटच्या पोरीशी बोलायला आता मला तुझी परवानगी लागणार. परवानगी हा शब्द नुसता कानावर आला तरी हल्ली माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

असो. नाही करत फोन.

तिला तुझ्या ओटीत घालून आले तेव्हा ती दोन वर्षांची होती. वर्षभरात सगळं आटपेल, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. तात्पुरत्या परवान्यावर मूल आणता येत नाही, आणि अर्ज चालू असताना मी देश सोडला तर परत आत घेतीलच याची खात्री नाही. हे सगळं तुला पाठ आहे. तरी लिहिते, कारण लिहिलं की माझं मलाच पुन्हा पटतं. आता ती सहाची झाली. कायम वास्तव्याचा आमचा अर्ज अजून आहे तिथेच आहे. संगणकावर बघितलं की एकच ओळ येते, ‘तुमचा अर्ज विचाराधीन आहे’. आमच्या घरात त्या ओळीची चेष्टा झाली आहे. ह्यांना चहा घेणार का विचारलं की म्हणतात, विचाराधीन.

एक बरी गोष्ट सांगते. आमच्या डोक्यावरच्या घरात कोणीतरी राहायला आलं आहे, आणि त्यांच्यात एक लहान मूल आहे. पहाटेची पाळी करून मी दुपारी घरी येते तेव्हा ते वर गोल गोल पळत असतं. थांबतं, दम खातं, परत पळतं. आपली भिंगरी अशीच फिरायची ना, म्हणून तर तिला ते नाव पडलं. मी चहाचा कप घेऊन पलंगावर आडवी होते आणि ऐकत राहते. बरं वाटतं.

अक्षर वाकडं आलं आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. टेबल डुगडुगतं.

भिंगरीला माझा पापा.

तुझी,
धाकटी


२६ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. रागावली असशील, किंवा शाळेच्या परीक्षांचे पेपर तपासत असशील. दुसरं कारण मानून चालते.

इथे नवीनच घोळ झाला आहे. आमची इमारत विकली गेली. नव्या मालकाला ती पाडायची आहे. त्याचा माणूस दारोदार फिरून गोड बोलतो आणि माणसं घरं सोडून जातात. समोरचे गेले, शेजारचे गेले. जिन्यातले दिवे काढून नेले. लिफ्ट बंद. आम्ही गेलो नाही, कारण आमच्या वकीलबाईंनी बजावून ठेवलं आहे की निकाल लागेपर्यंत पत्ता बदलायचा नाही. पत्ता बदलला की फाईल दुसऱ्या कार्यालयात जाते, आणि तिथे ती सगळ्यांच्या खाली ठेवतात. चार वर्षं पाण्यात. म्हणून आम्ही चिकटून बसलो आहोत. हे म्हणतात, मोडक्या बोटीवर उंदरंसुद्धा राहत नाहीत, आपण राहतोय.

मी खालच्या रखवालदाराला म्हटलं, आम्ही एकटेच नाही, आमच्या वरचे लोकही अजून आहेत. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला.

“वर कोणी नाही, बाई. ते लोक गेल्या वर्षीच गेले. किल्ली माझ्याकडे आहे.”

“मग मूल कोणाचं पळतं?”

“रिकाम्या घरांत आवाज फार खेळतो,” म्हणाला. “खालचा वर ऐकू येतो, बाहेरचा आत.”

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, पाईप असतील. हे दिवसभर शीतगृहात गोठवलेल्या खोक्यांमध्ये काम करतात. घरी आले की पहिला तासभर त्यांना काही सुचत नाही, हात बगलेत घालून बसतात. त्यांच्याशी वाद कोण घालणार.

काल दुपारी मात्र ते पळणं इतकं वाढलं की छताचा दिवा हलायला लागला. मी झाडू उलटा धरला आणि दांड्याने छतावर ठोकलं. रागाने नाही, आपण गंमत म्हणून ठोकतो तसं. पाय जागच्या जागी थांबले. बराच वेळ काहीच नाही. मग माझ्या बरोबर डोक्यावर, अगदी हळू, दोन वेळा ठकठक.

पाईप असं करत नाहीत, ताई.

तुला काळजी नको म्हणून मागच्या वेळी लिहिलं नव्हतं. टेबल डुगडुगत नाही. कामावर, लाँड्रीत, चादरींच्या गरम रोलरला हात लागला होता. लक्ष नव्हतं, एवढंच. दोन बोटं भाजली होती, आता नवी कातडी आली आहे. मुकादमीण बरी आहे, तिने मला घड्या घालायच्या टेबलावर बसवलं आहे.

तुझी,
धाकटी


१९ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. चार ओळींचं का होईना, तुझं अक्षर बघून बरं वाटलं. त्यातली एक ओळ मी इथे परत उतरवते आहे. मी चुकीचं वाचलं असेन तर तू सांग.

तू लिहिलंस, ‘तू तिच्या डोक्यात काय भरवलंस कोण जाणे, शाळेतून आली की दप्तर टाकते आणि मधल्या खोलीत फरशीला कान लावून पडते, म्हणते, खाली कोणीतरी काठीने ठोकतंय.’

मी तिच्याशी फोनवर बोललेच नाही, ताई. त्या रविवारनंतर एकदाही नाही. तुझ्याशिवाय कोणाला हे सांगितलेलंही नाही. आणि तुझं घर तळमजल्यावर आहे. तुझ्या मधल्या खोलीच्या फरशीखाली माती आहे, दुसरं काही नाही.

पत्र दोनदा वाचलं, मग खाली जाऊन रखवालदाराच्या मागे लागले. वरचं घर उघडून दाखव म्हटलं. तो गुडघे दाबत, कुरकुर करत जिना चढला. दार उघडलं. आत काही म्हणजे काही नाही. खिडक्यांचे पडदे, कपाटाची दारं, नळाच्या तोट्यासुद्धा कोणीतरी काढून नेलेल्या. फरशीवर सगळीकडे सारखी धूळ बसलेली, आम्ही चाललो तिथे आमच्या चपलांचे ठसे उमटत होते. दुसरा एकही ठसा नव्हता. पळणाऱ्या मुलाच्या पायांचा तर नाहीच.

फक्त एका ठिकाणी धूळ पुसलेली होती. ताटलीएवढी जागा, चांगली गुळगुळीत. खाली माझा पलंग आहे, बरोबर त्याच्यावर. मी वाकून बघितलं. तिथे कोणी पाऊल ठेवलेलं नव्हतं. गाल टेकून कोणी रोज पडत असेल तर फरशी अशी पुसली जाईल.

रखवालदार म्हणाला, “मांजर असेल.”

मी म्हटलं, “हो, मांजरच असेल.”

तू भिंगरीला रागावू नकोस. ती खोटं बोलत नाहीये. थंड फरशीवर पडू देऊ नकोस, काहीतरी अंथर. आणि ती नेमकं काय ऐकते, ते मला लिही. मी विनवते आहे असं समज.

धाकटी


२३ एप्रिल

ताई,

मी तुला खरं सांगायचं ठरवलं आहे. अर्धं सांगून मलाच झोप येत नाही.

मी रोज तिच्याशी बोलते. कामावरून आले की तोंड धुते, पलंगावर उताणी पडते आणि छताकडे बघून बोलते. आधी ठोकत होते, नंतर वाटलं, ठोकायचं कशाला, तोंड आहे की. तिला सांगते, आज चादरी फार होत्या. आज एका उशीच्या अभ्र्यात कोणाची तरी कवळी सापडली आणि सगळ्या बायका हसून हसून बेजार झाल्या. कधी तिला लहानपणीच्या आपल्या दोघींच्या गमती सांगते. तू मला शेजाऱ्यांच्या हौदात ढकललं होतंस आणि घरी सांगितलंस की ती स्वतःच उतरली, तेसुद्धा सांगितलं. वर पाय थांबलेले असतात. मी गप्प झाले की ठकठक होते. बोल, अशी.

वेड लागलं म्हणशील. मलाही तसंच वाटत होतं, परवापर्यंत.

परवा मला लवकर सोडलं. घरी आले तर दार नुसतं लोटलेलं. हे त्या वेळी कधी घरी नसतात. आत गेले तर हे पलंगावर स्टूल ठेवून त्यावर उभे, बूटसुद्धा न काढता, आणि दोन्ही हात छताला लावलेले. डोळे मिटलेले. मला बघून उतरले नाहीत. म्हणाले, “मला वाटलं, मलाच ऐकू येतं.”

“कधीपासून?”

“तुझ्याही आधीपासून असेल. तू घाबरशील म्हणून पाईप म्हणालो.”

मग हे खाली उतरले आणि आम्ही दोघं पलंगाच्या काठावर बसून राहिलो. ती वर पळत होती. हे म्हणाले, “पाऊल जड झालंय गं. वाढली ती.” आणि ह्या माणसाला मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडताना बघितलं. फोनवर मुलीशी बोलायला कधी धड तयार नसतात म्हणून मी त्यांना किती बोलले आहे. ते तरी काय बोलणार, भिंगरी त्यांना ‘काका’ म्हणाली होती एकदा.

मालकाचा माणूस परत येऊन गेला. जवळच दुसरं घर देतो म्हणाला, ह्याच्यापेक्षा मोठं, उजेडाचं. सामान हलवायला माणसंही त्याचीच. मी सरळ नाही म्हटलं. वकीलबाईंचं नाव पुढे केलं, पत्ता बदलता येत नाही म्हणून सांगितलं. ते खरंच आहे. पण उद्या वकीलबाईंनी खुशाल बदला म्हटलं, तरी मी इथून हलणार नाही, हेही खरं आहे.

पूर्वी मी रोज चार वेळा ती विचाराधीनची ओळ उघडून बघायचे. मागच्या आठवड्यात एकदाही बघायचं सुचलं नाही.

धाकटी


१४ मे

ताई,

तुझं पत्र मिळालं.

भिंगरीला खोकला, ताप, छातीत कफ. डॉक्टर म्हणाले गार फरशीवर पडल्याने झालं. अंथरूण घातलं तर ती ते बाजूला सारते कारण त्यातून नीट ऐकू येत नाही. खेळायला जात नाही, खात नाही. आणि शेवटी तुझं ते वाक्य. ‘मला ह्यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण तू तिथे जे काही करते आहेस ते बंद कर. ती तुझ्याकडे यायच्या आधीच मला ती गमवायची नाही.’

तुझ्या जागी मी असते तरी हेच लिहिलं असतं.

बंद केलं आहे. पत्र आलं त्याच दुपारपासून. ती वर आली, पळाली, थांबली. मी उशी तोंडावर दाबून पडले होते. तिने ठकठक केली. मी बोलले नाही. थोड्या वेळाने परत केली. मग सगळीकडून करायला लागली, कोपऱ्यात, खिडकीकडे, मोरीच्या बाजूला, मी कुठे गेले ते शोधत असल्यासारखी. ताई, मी उठून बाहेर गेले. जिन्यात जाऊन बसले. तिथेही ठकठक येत होती. रस्त्यावर आले तेव्हा थांबली.

आता मी मुकादमिणीकडे दुपारची पाळीही मागून घेतली आहे. घरी फक्त झोपायला येते. हे म्हणतात, आपण बरोबर करतोय. म्हणतात आणि माझ्याकडे बघत नाहीत.

तिला औषध वेळेवर दे. गोड औषध असेल तर ती घेते. निदान दोन वर्षांची असताना घ्यायची.

धाकटी


२ जून

ताई,

काल तू स्वतःहून फोन केलास, किती दिवसांनी तुझा आवाज ऐकला. ताप गेला, खायला लागली, वजनही भरलं, ऐकून देवाला हात जोडले.

पण नंतर तू हसत म्हणालीस, “आता सतरंजीवर शहाण्यासारखी बसून ऐकते. म्हणते, खालची बाई आता ठोकत नाही, छान बोलते. जेव म्हणते, अभ्यास कर म्हणते. बरं झालं बाई, तू तिला चांगलं सांगायला लागलीस.”

मी घाईने फोन ठेवला. म्हणून लिहिते.

आज रखवालदाराने जिन्यात अडवलं. म्हणाला, “तुमच्याकडे पाहुण्या आल्यात का? तुम्ही दोघं कामावर असता तेव्हा दिवसभर एक बाई बोलत असते. तुमच्याच भाषेत. आवाज गोड आहे.”

ताई, मी बोलत नाहीये. मी बोलायची थांबले त्याला किती दिवस झाले.

धाकटी


८ जुलै

ताई,

ह्यांनी तुला फोन केला तेव्हा मी कामावर होते, म्हणजे बातमी तुला माझ्या आधी कळली. मंजूर. तिघांचंही. भिंगरीचं नाव पहिल्यापासून फायलीत होतं, त्यामुळे तिच्यासाठी वेगळं काही करायला नको.

वाटलं होतं, त्या दिवशी मी नाचेन. मुकादमिणीने सांगितलं, तुझ्या नवऱ्याचा फोन होता, तुमचं काम झालं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढची चादर उचलली आणि घडी घातली. हात थांबतच नव्हते. घरी आले तर हे जमिनीवर भिंतीला टेकून बसलेले. म्हणाले, “आता काय करायचं असतं?” आम्हाला खरंच कळेना. मग चहा केला. मी घेणार का विचारलं आणि त्यांना ते नेहमीचं उत्तर आठवेना, नुसतं हो म्हणाले.

मोठ्या, उजेडाच्या घरात सामान हलवलं. सामान ते काय, एक फेरी. मी मुद्दाम दुपारची परत गेले, घर झाडून किल्ली द्यायला. वरून काही आवाज नाही. मी उभी राहिले, छताकडे बघितलं. काहीतरी बोलावंसं वाटलं, पण लाज वाटली, परक्या घरात मोठ्याने बोलायची वाटते तशी. दार ओढून घेतलं.

रखवालदाराने किल्ली हातात घेतली आणि माझ्या मागे जिन्याकडे बघितलं.

“आणि त्या बाई?” म्हणाला.

“कोण बाई?”

त्याने किल्ली खिशात टाकली. “जाऊ द्या,” म्हणाला. “पुढच्या आठवड्यात पाडायला येणार आहेत. कोणी असेल तर तोवर जाईल.”

तिकिटं काढली आहेत. मी महिनाभर तुझ्याकडे राहीन. तिला लगेच उचलून आणणार नाही. मी कोण, हे तिला तू सांग. तुला जसं सांगावंसं वाटेल तसं.

धाकटी


३० सप्टेंबर

ताई,

आम्ही सुखरूप पोचलो हे ह्यांनी कळवलंच आहे. मी मुद्दाम थांबले, जरा स्थिरस्थावर झाल्यावर लिहू म्हणून.

निघताना तू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाहीस. भांडी घासायचा आवाज येत होता. भावजी म्हणाले, तिला राहू दे आत. मी आत येऊन तुझे पाय धरायला हवे होते, पण मला भीती वाटली, आपण दोघी एकमेकींना सोडणार नाही आणि गाडी जाईल. रागावू नकोस. माझ्या मुलीला माणसात बसावं कसं, न सांडता जेवावं कसं, पुस्तकाला कव्हर घालावं कसं, हे सगळं तू शिकवलंस. ती झोपेत तुलाच हाक मारते. मी उठून तिच्यावर पांघरूण घालते आणि परत येऊन पडते. मला त्याचं वाईट वाटत नाही, असं लिहिणार होते. वाटतं. पण तुझ्यावर राग येत नाही.

मला ती अजून काहीच म्हणत नाही. ‘ऐक ना’ म्हणते. काम असलं की समोर येऊन उभी राहते. ह्यांच्याशी जमलं तिचं. ते तिला खांद्यावर घेऊन घरभर फिरवतात आणि माल उतरवू का, माल उतरवू का, म्हणून विचारतात. ती नाही म्हणते आणि त्यांचे केस धरून ठेवते.

आल्यावर पहिले काही दिवस ती प्रत्येक खोलीत जाऊन फरशीला कान लावायची. मी बघून न बघितल्यासारखं करत होते. मग एकदा दुपारी ती उठून बसली आणि म्हणाली, “ऐक ना. ती बाई कुठे आहे?”

“कोण बाई?”

“खालची.”

मी तिच्याजवळ बसले. कित्येक महिने मी ह्या क्षणाची वाट बघत होते, ताई. म्हटलं, “बाळा, मीच ती. मीच बोलायचे तुझ्याशी.”

तिने माझ्याकडे नीट बघितलं. तू वह्या तपासताना बघतेस तशी.

“नाही,” म्हणाली. “तू नाहीस. ती तिथेच असते. ती कुठे जात नाही.”

मी तिला जुन्या इमारतीपाशी घेऊन गेले. इमारत आता नाही. सपाट जागा आहे, सभोवती पत्र्याचं कुंपण, आत एक यंत्र उभं. ह्या पत्र्यांच्या आत आम्ही इतकी वर्षं काढली, असं सांगून कोणाला पटणार नाही. मला वाटलं, बघ, इथे काही नाही, असं म्हणता येईल. तिने माझा हात सोडला, कुंपणाला लागून फुटपाथवर पालथी झाली आणि कान टेकला. नव्या फ्रॉकवर. मी ओरडणार होते. तिचा चेहरा बघितला आणि गप्प बसले. असं हसू मला तिने अजून एकदाही दिलेलं नाही.

मग तिने हाताने मला बोलावलं.

लोक जात-येत होते. एका माणसाने थांबून, बरं वाटत नाही का, म्हणून विचारलं. मी त्याला हात केला, जा म्हणून, आणि तिच्याशेजारी आडवी झाले. जमीन ऊन होती. आधी नुसत्या गाड्यांची घरघर आली.

नंतर आवाज आला, ताई. खोल, पण स्वच्छ. एक बाई बोलत होती. म्हणत होती, आज चादरी फार होत्या. आज हात जरा दुखतोय, पण काही नाही, बरा होईल. तू जेवलीस का? मावशीला त्रास देत नाहीस ना? अजून थोडंच राहिलं, मग मी तुला न्यायला येणार.

माझाच आवाज. पण भिंगरी आल्यापासून मी तिच्याशी इतक्या मायेने एकदाही बोललेली नाही. मी तिला बूट जागेवर ठेव म्हणते, लवकर आटप म्हणते, इथे असं चालत नाही म्हणते. ती बाई कसलीही घाई करत नव्हती. तिला कोणी काही कळवलेलं नाही. निकाल लागला, इमारत पाडली, मूल आलं, तिच्यापर्यंत काहीच पोचलेलं नाही. ती पलंगावर उताणी पडून वर बघत बोलते आहे.

मी ठोकणार होते. मूठ उचललीसुद्धा. सांगणार होते, बाई, संपलं, ऊठ आता. भिंगरीने माझी मूठ धरली आणि मान हलवली. नको.

आम्ही तशाच पडून राहिलो. मग मी उठले, तिला उठवलं, गुडघ्यांची माती झटकली.

“ती इथेच राहणार?” तिने विचारलं.

“वाटतं तसं.”

“मग आपण येत जाऊ.”

“येत जाऊ,” मी म्हटलं.

तू इकडे ये, ताई. शाळेला सुट्टी लागली की ये, भावजींनाही आण. तुला ह्यातलं कळून घ्यायचं नाही, हे मला माहीत आहे. तुला तिथे नेणार नाही. नुसती ये.

परत येताना मी नेहमीसारखी भराभर चालत होते. कामाच्या सवयीने माझे पाय तसेच पडतात. ती मागे राहिली. कुंपणाचा शेवटचा पत्रा आला तेव्हा मागून तिचा आवाज आला, “आई, हळू चाल.”

मी थांबले. मागे वळले नाही. ती वर माझ्याकडे बघून म्हणाली असेल, किंवा खाली जमिनीकडे बघून. मी ते विचारलं नाही. हात मागे करून धरला आणि ती येऊन तो पकडेपर्यंत तशीच उभी राहिले.

तुझी,
धाकटी